तुमच्या धंद्याचं डोमेन दुसरा कोणी मागतोय असा मेल आला तर पैसे भरायच्या आधी हे वाचा

आंबेवाले, काजूवाले, होमस्टेवाले, ज्यांनी कोणी धंद्याची स्वतःची वेबसाइट काढलीय त्या सगळ्यांनी वाचा. आमच्या काकांना ज्या पद्धतीने गंडवलंय त्यात ओटीपी नाही, लॉटरी नाही, कुठली लिंकसुद्धा नाही, चक्क कायद्याच्या भाषेत पैसे काढलेत.

काकांची देवगडला हापूसची बाग आहे. दलालाकडे माल न घालता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवायच्या म्हणून साइट काढली, डॉट इनवालं डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, रीतसर काकांच्याच नावावर, दरवर्षी रिन्यू होतं. त्यात काही घोळ नव्हता. मेल आला तो ऐन सीझनला, पहिली तोड सुरू झालेली आणि माणसाला जेवायला सवड नाही अशा वेळी. ही वेळ त्यांनी मुद्दाम साधली असणार असं माझं तरी मत आहे, पावसाळ्यात आला असता तर काकांनी दहा जणांना विचारलं असतं.

मेलमध्ये काय, तर आम्ही अमुक अमुक आंतरराष्ट्रीय डोमेन लवाद केंद्र, तुमच्या बागेच्या नावाचं डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट एशिया एका परदेशी कंपनीने मागितलंय, मूळ मालक म्हणून तुम्हाला हरकत घेता येईल, सात दिवसांत हरकत आली नाही तर नावं त्यांना जातील आणि तुमचं डॉट इनसुद्धा वादात सापडेल. सोबत पीडीएफ. त्यावर तराजू आणि पृथ्वीचा गोळा असलेला निळा शिक्का, लांबलचक केस नंबर, आणि देवगडचं केलेलं देवगढ.

दुसऱ्याच दिवशी फोन. नंबर कुठून मिळाला म्हणाल तर ऑर्डरसाठी साइटवरच दिलाय की. बोलणारा एकदम अदबशीर, सर सर करत. काका खांद्याने फोन कानाला दाबून पेटीत पेंढा भरतायत आणि तो सांगतोय की सर, ती कंपनी तुमच्या नावाखाली कर्नाटकचा आंबा विकणार आहे. संपलं. २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तरी बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत घालून खपवायचं काही थांबलं नाही, इथल्या कुठल्याही बागायतदाराचं डोकं त्या एका गोष्टीवर फिरतं, आणि त्या माणसाने बरोबर तिथेच बोट ठेवलं.

आधी ११,८०० घेतले, फायलिंग फी म्हणून, म्हणजे १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, बिलासकट! मग स्टे ऑर्डरचे म्हणून २७,५००. दोन्ही वेळा यूपीआयवर, एका माणसाच्या खासगी खात्यात. मग म्हणे समोरच्या पार्टीने मोठा वकील दिलाय, आता तीन जणांचं पॅनल बसवावं लागेल, ८५,००० भरा. तेव्हा काकांनी मला फोन केला, तोही संशय आला म्हणून नाही, पैसे कमी पडत होते म्हणून.

मी डोमेन विकणाऱ्या एका साइटवर जाऊन ते डॉट कॉम टाकून बघितलं. मोकळं. डॉट नेट मोकळं, डॉट एशियापण मोकळं, कोणीही कार्डाने पैसे भरून घ्यावं. काकू शेजारी बसून सगळं ऐकत होती, ती म्हणाली, "अरे पण ह्यां नाव कोणी घेतलानच नाय तर भांडाण कसला?"

हे बघा, डोमेन म्हणजे जो पहिला मागेल त्याला. नाव देताना रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, तसल्याच नावाच्या जुन्या मालकाला पत्र लिहून हरकत विचारत बसत नाही. भांडण होऊ शकतं ते कोणीतरी नाव घेतल्यावर. आणि कोणी डॉट कॉम घेतलं म्हणून तुमचं डॉट इन आपोआप जात नाही, नुसतं वेळेवर रिन्यू करत राहायचं.

खरी पद्धत कशी असते ते नंतर कणकवलीच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनचे, म्हणजे जगभरच्या डोमेनचा कारभार बघणाऱ्या संस्थेचे, १९९९ पासूनचे नियम आहेत, यूडीआरपी म्हणतात. तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, नाव आपल्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेऊन वापरलंय. आता काकांकडे ट्रेडमार्कच नाही, मग हा माणूस कसल्या जिवावर केस लढत होता? तक्रार आयकॅनने मान्यता दिलेल्या संस्थेकडेच जाते, जिनिव्हाची वायपो, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटना, त्यातली एक, तिथे पाच नावांपर्यंत एका पंचाची फी १,५०० डॉलर आहे. ती तक्रार करणारा भरतो. ज्याच्यावर तक्रार झालीय त्याला उत्तर द्यायला २० दिवस मिळतात आणि साध्या एका पंचाच्या केसमध्ये त्याला फी नसते. स्टे वगैरे विकत मिळत नाही, केस लागली की रजिस्ट्रारच नाव लॉक करतो. जिंकलात तरी नुकसानभरपाई नाही, नाव तुमच्याकडे येतं नाहीतर रद्द होतं, एवढंच. डॉट इनचं भांडण निक्सीकडे, म्हणजे डॉट इनचा कारभार बघणाऱ्या भारतातल्या संस्थेकडे, त्यांची आयएनडीआरपी म्हणून वेगळी पद्धत आहे. कोर्टाचा रस्ताही आहे, २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं.

बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकला तर भलत्याच राज्यातलं टायरचं दुकान निघालं. पीडीएफमधल्या केस नंबरचा तर कुठे पत्ताच नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जाऊन कागद दिले. दुसऱ्या पेमेंटमधले थोडे पैसे बँकेने अडकवून ठेवलेत, ते मिळतील असं म्हणतायत, पहिले गेलेच. एक सांगतो, पैसे गेले की त्याच दिवशी १९३० लावा, आम्हाला उशीर झाला. आणि तक्रारीनंतर आणखी एक फोन येतो, त्यालाही भुलू नका. काकांना आला, म्हणे आम्ही रिफंड विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, ४,००० प्रोसेसिंग भरा. फोन काकूने घेतला. तिने काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याच्या एका काजूवाल्याने मला त्याला आलेला मेल दाखवला, शब्दन् शब्द तोच, फक्त आंब्याच्या जागी काजू आणि डॉट एशियाच्या जागी डॉट सीएन. फोन नंबरही नवीन आहे, त्यामुळे जुना नंबर ब्लॉक करून बसू नका.