पाच रुपये त्र्याऐंशी पैशांत किती दवाखाना येतो? सातारा-सांगलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं परीक्षण

आधी गुण देऊन टाकू. लसीकरण आणि साधं बाळंतपण: पाचपैकी साडेचार. कुत्रं चावलं तर: चार. बीपी-शुगरच्या गोळ्या: अडीच, तेही महिना कुठला ते बघून. साप चावला तर केंद्र कुठलं, त्यावर सगळं. इमारतीला गुण देत नाही. मार्चमध्ये रंग लागतो आणि जुलैत स्लॅब गळतो, एवढं सांगून पुढे जाऊ.

हे एका केंद्राचं परीक्षण नाही. दोन्ही जिल्ह्यांत ग्रामीण केंद्रांपर्यंत पैसा आणि औषध ज्या वाटेने येतं, त्या वाटेचं आहे. खिडकीवर सिस्टर किंवा फार्मासिस्ट ‘संपलंय’ म्हणतात, तेव्हा आडातच नसलेलं पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण विसरतो आणि तोंडसुख समोरच्या माणसावर घेतो.

केंद्राला पैसा चार तोंडांनी येतो. पगार राज्याच्या तिजोरीतून, 2210 या ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ लेखाशीर्षाखाली जिल्हा परिषदेकडे. मुख्य औषधं राज्याच्या एकत्रित खरेदीतून, वस्तुरूपाने. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्र सरकार 60 टक्के आणि राज्य 40 टक्के या हिश्श्याने. बांधकाम, दुरुस्ती, रुग्णवाहिका यांसाठी जिल्हा नियोजन समिती. या चारांतून केंद्राच्या स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल असं काय उरतं? अभियानाने घालून दिलेल्या मूळ हिशोबात मुक्त निधी 25 हजार, देखभाल 50 हजार आणि रुग्ण कल्याण समितीचे 1 लाख, म्हणजे वर्षाला 1 लाख 75 हजार. सपाट भागात एक केंद्र 30 हजार लोकांसाठी धरलेलं आहे. भागाकार केला की माणशी वर्षाला 5 रुपये 83 पैसे येतात. दिवसाला साधारण 480 रुपये. इन्व्हर्टरची बॅटरी, प्रसूतीच्या टेबलाचं फाटलेलं रेक्झिन, फिनेल, झेरॉक्स आणि अडीनडीचं औषध, सगळं यातच.

रक्कम लहान आहे हे कोणीही सांगेल. आमची मोठी तक्रार वाटणीबद्दल आहे. डोंगरी भागात निकष 20 हजार लोकसंख्येचा आहे, म्हणून पाटण किंवा जावळीतल्या केंद्राला माणशी पावणेनऊ रुपये पडतात, हे ठीकच. पण कराड किंवा वाळवा भागातल्या एखाद्या केंद्राखाली 30 ऐवजी 50 हजार लोक असले तरी या हिशोबात रक्कम तीच, म्हणजे माणशी साडेतीन रुपये. पैसा इमारतीला मिळतो. तिच्या दारात किती माणसं उभी आहेत हे कोणी मोजत नाही.

मोजायला घेतलं तरी आकडा 2011 च्या जनगणनेचा. सातारा जिल्हा 30 लाख 3 हजार, सांगली 28 लाख 22 हजार. त्यानंतर गावं वाढली, एमआयडीसीभोवती भाड्याच्या खोल्या वाढल्या. वर ऊसतोडीचा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कृष्णाकाठच्या फडांवर बीडकडच्या टोळ्या असतात, माण-जतकडची माणसंही घर सोडून तोडीला गेलेली असतात. म्हणजे एका केंद्रात लोकसंख्या कागदापेक्षा जास्त, दुसऱ्यात कमी आणि औषधाचं मागणीपत्र दोन्हीकडे वर्षभर एकाच मापाचं. कोप्यांवरच्या, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्यांतल्या, गरोदर बाईची तपासणी आणि पोराची लस हे काम तिथल्या आशाताई करतात, पण त्या लसीचा अंदाज त्या गावाच्या नावावर आधी लिहिलेला नसतो. हंगामाआधी मुकादमांकडून टोळ्यांची यादी घेऊन पुरवणी मागणी दिली तर भागतं. ज्या केंद्रांत हे होतं तिथे फरक दिसतो.

आता अडीच गुणांचं कारण, आणि हा या परीक्षणाचा गाभा आहे. समजा केंद्राकडे बीपीचे 400 नोंदलेले रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला रोज अ‍ॅम्लोडिपिनची एक गोळी. 400 गुणिले 30 गुणिले 12, वर्षाला 1 लाख 44 हजार गोळ्या. मधे तीन महिने पुरवठा आटला, तर वर्षाचा खप नोंदवहीत 1 लाख 8 हजार दिसतो. पुढच्या वर्षीची मागणी ‘मागील वर्षाचा खप’ बघून भरली की 36 हजार गोळ्या कमी मागितल्या जातात. मंजूर झाल्या तरी नवव्या महिन्यात डबा रिकामा. त्याच्या पुढच्या वर्षी खप पुन्हा तेवढाच, आणि आता तर तो ‘नेहमीचा’ ठरलेला. न मिळालेली गोळी दुसऱ्या वर्षी न लागणारी गोळी होते.

दुरुस्ती शाळकरी गणिताची आहे. खपाला बारा महिन्यांनी न भागता, औषध प्रत्यक्ष शिल्लक होतं तेवढ्याच महिन्यांनी भागायचं: 1,08,000 भागिले 9, म्हणजे 12 हजार, गुणिले 12. आले परत 1 लाख 44 हजार. त्यावर नव्याने नोंदलेले रुग्ण आणि तीन महिन्यांचा राखीव साठा. यासाठी एकच गोष्ट लागते: औषध शून्यावर कधी गेलं आणि कधी परत आलं, या दोन तारखा. ई-औषधी प्रणालीत साठ्याच्या नोंदी असतात. त्या रोजच्या रोज भरल्या तर या तारखा आपोआप निघतात. पंधरा दिवसांनी एकदम भरल्या की निघत नाहीत.

साठा कमी पडायला लागला की दुसरी गंमत सुरू होते. सगळ्यांना थोडं-थोडं म्हणून 30 ऐवजी 10 दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात. हेतू चांगला. परिणाम असा की वाडीवरच्या म्हाताऱ्याला महिन्यातून तीनदा यावं लागतं, सोबत येणाऱ्या मुलाची तीन दिवसांची हजेरी बुडते आणि दुसऱ्या फेरीनंतर दोघंही येणं सोडतात. मग केंद्राच्या नोंदीत खप आणखी घटतो.

हाच माणूस पुढे पक्षाघात होऊन पडला, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं कवच आहे आणि ते कामालाही येतं. मात्र रोजची गोळी त्या कवचात बसत नाही, कारण योजना भरती होण्याभोवती बांधलेली आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्य खर्चाचा दोन तृतीयांश किंवा जास्त हिस्सा प्राथमिक सेवेला द्यावा असं लिहिलेलं आहे. ते वाक्य गोळीच्या डब्यापर्यंत पोचायचंय.

आपल्यापेक्षा गरीब देशांनी हे कसं सोडवलं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण टांझानियातलं आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी मोरोगोरो आणि रुफिजी या दोन जिल्ह्यांत घरोघर फिरून कोण कशाने दगावतं हे मोजलं आणि ते खर्चाच्या पत्रकाशेजारी ठेवलं. मोरोगोरोत अकाली मृत्यूंमुळे गेलेल्या आयुष्याच्या वर्षांपैकी सुमारे 30 टक्के मलेरियाने गेलेली, आणि मलेरियावर खर्च 5 टक्के. क्षयरोगाचं उलट: नुकसान 4 टक्क्यांच्या घरात, खर्च 22 टक्के. कारण क्षयरोगाचा कार्यक्रम वरून बांधून आलेला होता, मलेरियाला वाली नव्हता. माणशी सुमारे 8 डॉलरच्या खर्चात साधारण 80 सेंटची भर पडली. ती आणि हातातला पैसा रोगाच्या भाराप्रमाणे हलवला, आजारी मुलांवरच्या उपचाराचं प्रशिक्षण दिलं, मच्छरदाण्या वाटल्या. पुढच्या काही वर्षांत बालमृत्यू ठळकपणे घटले. भर माणशी डॉलरपेक्षाही कमी होती. खरं काम मोजणीने केलं.

औषधांपुरतं पाहायचं तर तामिळनाडू जवळ आहे. 1994 पासून तिथे औषध खरेदीचं स्वतंत्र महामंडळ आहे आणि प्रत्येक सरकारी दवाखान्याकडे बँकेसारखं पासबुक: वर्षाला इतक्या रुपयांचं औषध तुमच्या नावावर, उचलाल तसं वजा. कुठलं औषध किती हे दवाखाना ठरवतो. महाराष्ट्रात 2017 पासून खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती, 2023 मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी करणारी संस्था बदलली हे ठीक. पासबुक येईपर्यंत केंद्राने फक्त मागायचं आणि वाट बघायची.

सापाचा मुद्दा राहिला. शिराळा, पाटण भागात भातखाचरांच्या दिवसांत सर्पदंश ठरलेला. विषाची लक्षणं दिसली तर प्रतिविषाचा सुरुवातीचा डोस 8 ते 10 बाटल्यांचा असतो, मूल असो वा मोठा. आता शंभर बाटल्या वीस केंद्रांत ‘सगळ्यांना सारख्या’ वाटा: प्रत्येकी पाच. कागदावर वीस केंद्रं सज्ज, प्रत्यक्षात एकाही ठिकाणी एका रुग्णाचा पूर्ण डोस नाही. त्याच शंभर बाटल्या दंश जास्त होतात अशा पाच केंद्रांत वीस-वीस ठेवल्या, बाकीच्यांना कुठे न्यायचं ते पक्कं सांगितलं, तर जीव वाचतात. तुमच्या केंद्रात दहा बाटल्या आहेत का हे जूनच्या आधी विचारून ठेवा. नसतील तर 108 ला फोन करतानाच थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय सांगा.

कुत्रं चावल्यावरच्या लसीत वाटणीचं गणित बरंचसं जमलेलं आहे, म्हणून चार गुण. स्नायूत द्यायची तर एका माणसाला पाच बाटल्या लागतात. कातडीत दिली तर दोन्ही दंडांवर 0.1 मिली, दिवस 0, 3, 7 आणि 28, सगळी मिळून 0.8 मिली. एक मिलीच्या बाटलीत पाच जणांचा त्या दिवसाचा डोस निघतो. अडचण एकच: उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते. म्हणून पहिला डोस कुठल्याही वेळी मागा, तो थांबवता येत नाही. पुढच्या डोसांना मात्र सिस्टर सांगतील त्या वेळेला सगळे एकत्र या. जखम कसलीही असो, साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊनच घरातून निघा; रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे जखमेत द्यायचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, कुठे मिळेल हे लगेच विचारा.

पैसा कधी येतो, याबद्दल थोडं. 1 जुलै 2021 पासून अभियानाचा पैसा एकाच मुख्य खात्यात राहतो. केंद्राचं खातं शून्य शिलकीचं, त्याला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. पारदर्शक आहे, मान्य. पण मर्यादा फेब्रुवारीत आली तर समितीचा ठराव, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठ्याची नोंद, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या संगणक प्रणालीवर एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, हे सगळं 31 मार्चच्या आत. वरातीमागून घोडं. अशा घाईत लगेच मिळणाऱ्या वस्तूच घेतल्या जातात. म्हणून मार्चएंडला कपाट येतं, सक्शन मशीन येत नाही.

जाण्याआधी माहीत असावं असं: 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत शुल्क नाही. सरकारी बाळंतपणात औषध, तपासण्या, ने-आण आणि जेवण मोफत. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात. महापुराच्या पट्ट्यात, म्हणजे पलूस, वाळवा, मिरजेत, पाण्यातून चालला असाल तर लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल स्वतःहून विचारा; 2019 आणि 2021 नंतर हे काम केंद्रांना पाठ आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या, लाँचने जावं लागणाऱ्या गावांत बीपीच्या गोळ्या मेअखेरीस तीन महिन्यांच्या एकदम मागा.

आणि गोळी संपली असं उत्तर मिळालं तर ‘कधी येणार’ हे विचारून उपयोग नाही, ते फार्मासिस्टलाही ठाऊक नसतं. कुठल्या तारखेपासून शून्य आहे ते विचारा आणि ती तारीख रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. अभियानाचा आराखडा 2022 पासून दोन-दोन वर्षांचा झाला आहे. त्यात जाणारा आकडा त्या तारखेवरून निघतो.