गुळवेल घ्यावी ती कोणत्या रूपात?

जळगावच्या दाणा बाजार परिसरातील काष्ठौषधींच्या दुकानात गुळवेल मागितली की दुकानदार "कशात देऊ, भाऊ?" असे विचारतो. हा प्रश्न रास्त आहे, कारण चूर्ण, सत्व, घनवटी आणि बाटलीतला रस अशा चार रूपांत ती तेथे ठेवलेली असते. पाचवे रूप म्हणजे ओली वेल; ती यावल-चोपड्याकडच्या बाजारात मिळते, आणि ज्यांचे शेत आहे त्यांच्या बांधावरच्या निंबावर बहुधा असतेच. ही पाचही रूपे घरी आणून पाहिल्यावर माझे मत असे झाले की, लेबलावर नाव एकच असले तरी पोटात जाणारा पदार्थ मात्र एक नसतो.

चूर्ण सर्वांत स्वस्त आहे. वाळलेल्या खोडाच्या चूर्णाची ग्रंथोक्त मात्रा 3 ते 6 ग्रॅम आहे, पण खोड तंतुमय असल्यामुळे पूड कितीही चाळली तरी कोमट पाण्यात तिचे बारीक धागे तरंगत राहतात आणि घशाशी अडकतात. ताजे चूर्ण जिभेवर ठेवताच कडू लागते. मला मिळालेले पाकीट मात्र जवळजवळ बेचव होते. ते किती दिवस फळीवर पडून होते, कोण जाणे.

सत्वाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत महाग तेच आणि त्याच्याबद्दलचे गैरसमजही सर्वांत जास्त. ओले, बोटाएवढे जाड खोड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी कुस्करून गाळतात, आणि पाणी स्थिर झाल्यावर तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात, तेच सत्व. म्हणजे ते मुख्यतः वेलीतील पिष्ट (स्टार्च) असते, आणि पाण्यात विरघळणारी कडू द्रव्ये वर राहिलेल्या, ओतून दिलेल्या पाण्याबरोबर बऱ्याच अंशी निघून जातात. सत्व फारसे कडू का लागत नाही, याचे उत्तर येथे आहे. मोठ्या ढिगातून हाती मूठभरच पडत असल्याने त्यात स्वस्त पिष्ट मिसळण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो. आयोडीनचा थेंब टाकून भेसळ ओळखण्याचा घरगुती उपाय येथे निरुपयोगी आहे, कारण अस्सल सत्वही पिष्ट असल्याने निळेच होते. शुभ्र रंगही पुरावा नव्हे. वारंवार धुतलेले सत्व पांढरेशुभ्र होते आणि आरारूट तर मुळातच पांढरे असते. सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टाचे कण पाहिल्याशिवाय खात्री होत नाही, आणि ती सोय गिऱ्हाइकाकडे नसते. वैद्यांनी मुद्दाम सांगितले असेल आणि देणारा विश्वासाचा असेल, तरच सत्वावर पैसे घालवावेत.

घनवटीचा प्रकार याच्या उलट आहे. खोडाचा काढा आटवून घट्ट करतात आणि त्याच्या गोळ्या वळतात, त्यामुळे पाण्यात उतरणारे द्रव्य तीत राहते. मात्र गोळी घनाची आहे की चूर्ण दाबून केलेली आहे, हे लेबलावरील बारीक अक्षरांत वाचावे लागते. दोन वेगवेगळ्या गोळ्या काचेच्या वाटीत कोमट पाण्यात टाकल्या, तेव्हा एक हळूहळू विरघळून पाणी तपकिरी झाले, तर दुसरी फुटून तळाशी भुशासारखा थर बसला. तसेच संशमनी वटी या नावाने मिळणाऱ्या काही गोळ्यांत गुळवेलीबरोबर धातू-खनिजांची भस्मेही असतात, म्हणून घटकांची यादी पाहूनच बाटली घ्यावी.

बाटलीतल्या रसाची शिफारस करणार नाही. त्यात परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालावे लागते आणि एकदा उघडल्यावर खानदेशच्या मे महिन्यात ती बाटली फ्रिजबाहेर टिकत नाही.

ज्यांना ओली वेल मिळते, त्यांनी काढाच करावा. खोड ठेचून चार पेले पाण्यात एक पेला उरेपर्यंत उकळावे. खर्च जवळजवळ नाही आणि आपण काय घेत आहोत, हे डोळ्यांसमोर असते. पान हृदयाकृती, खोडावरची साल पातळ कागदासारखी सुटणारी आणि आडवा काप घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा, एवढे पाहून घ्यावे. खोडावर गाठीगाठींसारखे उंचवटे असतील, तर ती वेल घेऊ नये. तशी दिसणारी जवळची जात वेगळी आहे.

योग्य वेल आणि योग्य रूप निवडले म्हणजे ती बेलाशक वर्षभर घ्यावी, असे मात्र नाही. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असण्याची शक्यता मांडली आणि 2022 मध्ये गुळवेल सुरक्षित असल्याचे निवेदन काढले. पण देशातील 13 केंद्रांच्या पाहणीत अशा 43 रुग्णांची नोंद झाली. त्यामुळे ज्यांना यकृताचा, थायरॉईडचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा (ऑटोइम्यून) विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढाही घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनीही साखर आणखी खाली जाण्याची शक्यता धरून आधी विचारावे. बाकीच्यांनी घनवटी घ्यायची झाल्यास लहान बाटली आणावी. मोठी बाटली प्रति गोळी स्वस्त पडते खरी, पण ती संपवायची म्हणून गरज नसताना गोळ्या चालू राहतात.