आयसिसॉरस, चाळिसाला एक: पुण्यात करून घेतलेल्या मॉडेलबद्दल

पुण्यात डायनासोर जमवणाऱ्याला टी-रेक्स हवा तितका मिळतो. पापोचा घ्या, श्लाइशचा घ्या, सफारी किंवा कलेक्टाचा घ्या, खिशाला परवडेल तसा. ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस, स्पायनोसॉरस यांचीही वानवा नाही. मला आयसिसॉरस, आपल्या महाराष्ट्रात सापडलेला डायनासोर, हवा होता आणि तो इथल्या एकाही काउंटरवर दिसला नाही. शेवटी करून घेतला. थ्री-डी प्रिंट करून देणाऱ्यांकडून असं काम घ्यावं का, कसं घ्यावं आणि हातात काय पडतं, हे सविस्तर लिहिते, कारण मॉडेल रंगवणारे बरेच जण याच प्रश्नापाशी अडलेले असतात.

आधी आयसिसॉरसच का, ते सांगते. माझं माहेर वरोऱ्याचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं. त्याच जिल्ह्यात डोंगरगावच्या टेकडीत १९८४ ते १९८६ या काळात या प्राण्याची हाडं निघाली. सोहन लाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा नाव होतं टायटॅनोसॉरस कोल्बर्टी. विल्सन आणि अपचर्च यांनी २००३ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती ठरवून आयसिसॉरस म्हटलं. त्यातलं ‘आयएसआय’ म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेला, इतका नीट अभ्यासला गेलेला सॉरोपॉड (लांब मानेच्या, अवाढव्य शाकाहारी डायनासोरांपैकी एक) आपल्या मुलांना माहीत नसावा आणि अमेरिकेतला ब्रॅकिओसॉरस मात्र तोंडपाठ असावा, हे मला मनापासून खटकतं. घरी शेल्फवर तो उभा असायलाच हवा होता.

प्रिंटिंगचं काम करतात ते दोघं पर्वतीच्या बाजूला एका गाळ्यात बसतात. गाळ्यावर पाटी नाही. एक मुलगा मशीन सांभाळतो, त्याची भागीदार कॉम्प्युटरवर आकार घडवते. त्यांचा मुख्य धंदा यंत्रांचे सुटे भाग, बक्षिसांच्या ट्रॉफ्या आणि गणपतीच्या आराशीचं साहित्य. डायनासोर त्यांनी याआधी केला नव्हता. मला तेच बरं वाटलं, कारण ‘सगळ्यांचे असेच असतात’ असं कोणी म्हणालं नाही. मी आकडे दिले, तिने ते घेतले.

स्केल ठरवायला वेळ लागला. माझा संग्रह चाळिसाला एक या प्रमाणातला आहे, म्हणजे खऱ्या प्राण्याचे चाळीस सेंटीमीटर मॉडेलमध्ये एक सेंटीमीटर. सफारीने पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमबरोबर १९८८ ते २०१५ या काळात जी मालिका काढली, ती याच प्रमाणाची. कलेक्टाची डिलक्स मालिकाही याच मापाची, त्यामुळे नवा प्राणी त्यांच्याशेजारी उभा राहायला हवा. अडचण अशी की आयसिसॉरसचा सांगाडा अपुरा आहे. कवटी नाही, मागचे पाय नाहीत, पावलं नाहीत. म्हणून एकूण लांबीचे अंदाज ११ मीटरपासून १८ मीटरपर्यंत जातात. चाळिसाला एकमध्ये याचा अर्थ साडेसत्तावीस सेंटीमीटर किंवा पंचेचाळीस सेंटीमीटर. एवढ्या फरकात स्केलला काही अर्थच उरत नाही.

त्यावर उपाय साधा आहे: लांबी सोडा, हाड धरा. दंडाचं हाड सापडलेलं आहे आणि ते १४८ सेंटीमीटर आहे. चाळिसाने भागलं की ३७ मिलिमीटर. तिने आधी पडद्यावर सांगाडा रचला, पुढच्या पायात ३७ मिलिमीटरचं हाड बसवलं आणि बाकी शरीर त्यावरून वाढवलं. मूर्ती ३२ सेंटीमीटरची झाली. हातात आल्यावर मी व्हर्निअर लावला. खांद्याच्या सांध्यापासून कोपरापर्यंतचं अंतर मांसासकट धरूनही जिथे यायला हवं तिथेच येतं. तयार खेळण्यांमध्ये इतकी काटेकोर मोजणी मी फार कमी पाहिली आहे. या एका गोष्टीसाठी मी त्यांच्याकडे परत जाईन.

शरीराची ठेवणही जमली आहे. हा प्राणी पुढून उंच आहे. पुढचे पाय लांब, पाठ मागे उतरत गेलेली, मान सॉरोपॉडच्या मानाने आखूड आणि बरीचशी उभी. नेहमीची लांब आडवी मान पाहण्याची सवय असलेल्याला हा वेगळाच वाटतो. वरोऱ्याहून बाबा आले होते, त्यांनीही पहिल्यांदा तेच विचारलं, ‘‘मान उचलून काहून उभा आहे हा?’’ मी त्यांना मानेच्या मणक्यांबद्दल सांगितलं. मग ते बराच वेळ त्याला टेबलावर फिरवत, सगळ्या बाजूंनी बघत बसले. डोंगरगावचं नाव त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं, हाडांचं मात्र ऐकलं नव्हतं.

पुढच्या पावलांवर पहिल्या फाइलमध्ये हत्तीसारखी नखं होती. हा दोष जवळजवळ सगळ्या स्वस्त सॉरोपॉडमध्ये असतो. आयसिसॉरस ज्या गटातला, त्या टायटॅनोसॉरांच्या पुढच्या पायांना बोटं जवळपास उरलीच नव्हती. तळहाताची हाडं अर्धवर्तुळात खांबासारखी उभी आणि खाली नुसता गोल टेकू. इतर सॉरोपॉडना असणारी अंगठ्याची नखीसुद्धा नाही. मी सांगितलं, तिने नखं काढली आणि पायाचा मागचा भाग थोडा पोकळ घेतला. कोणाकडूनही टायटॅनोसॉर घ्या, आधी पुढचं पाऊल उलटं करून बघा. करणाऱ्याने अभ्यास केला आहे की नाही, ते तिथे कळतं.

त्वचेवर आमचं एकदा अडलं. तिने सबंध अंगावर हरभऱ्याएवढे खवले पसरवले होते. पडद्यावर ते देखणे दिसतात, पण सॉरोपॉडच्या त्वचेचे जे ठसे सापडले आहेत, त्यांत खवले काही सेंटीमीटरचे. चाळिसाला एकमध्ये ते एक मिलिमीटरच्या आत येतात, म्हणजे बोटाला जाणवावेत, डोळ्यांत भरू नयेत. हे पटवायला जरा वेळ लागला. दुसऱ्या फाइलमध्ये तिने खवले जवळपास पुसले आणि सांध्यांपाशी सुरकुत्या दिल्या, तेव्हा प्राणी एकदम मोठा वाटायला लागला. आकार तोच, फक्त त्वचा बारीक झाली.

डोक्याची गोष्ट मला सगळ्यात आवडली. कवटी सापडलेलीच नाही, तेव्हा डोकं नातेवाइकांवरूनच घ्यावं लागणार. आम्ही मादागास्करच्या रापेटोसॉरसचा आधार घेतला. त्याचं वर्णन २००१ मध्ये झालं आणि त्याची कवटी उपलब्ध आहे. मादागास्कर आणि भारत एकेकाळी जोडलेले होते, त्यामुळे हा आधार अगदीच हवेतला नाही. मी डोकं वेगळं मागितलं आणि मानेत छोटं लोहचुंबक बसवायला लावलं. उद्या डोंगरगाव-पिसदुऱ्याच्या भागात खरी कवटी निघाली, तर नवं डोकं प्रिंट करून बसवता येईल. चुंबक घट्ट आहे, जोड गळ्याच्या सुरकुतीत लपतो, सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

आता प्रिंटची प्रत. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, रेझिन (यूव्ही प्रकाशाने कडक होणारं द्रव प्लास्टिक, मूर्ती त्याचीच आहे) रोज हाताखालून जातं, त्यामुळे इथे माझं मत थोडं कडक आहे. थर दिसत नाहीत, हे उत्तम. सपोर्टचे, म्हणजे प्रिंट होताना आधाराला दिलेल्या काड्यांचे, ठिपके पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला ठेवले होते, तेही शहाणपणाचं. पण मागच्या एका मांडीला आतलं रेझिन बाहेर पडायचं भोक ठेवलेलं नव्हतं. पोकळ भागात कच्चं रेझिन अडकलं आणि काही दिवसांनी सांध्यातून चिकट पाझर सुरू झाला. हे गंभीर आहे. कच्चं रेझिन त्वचेला लागून लागून ॲलर्जी होते आणि ती एकदा जडली की जात नाही. आमच्या धंद्यात याची उदाहरणं पाहिली आहेत. शिवाय वरचा रंग फुगतो तो वेगळाच. मी कळवलं. त्यांनी वाद न घालता नवा पाय करून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि बाकी तिन्ही पायांची भोकं मला दाखवून दिली. तरी मुळात माल देण्याआधी हे तपासायला हवं होतं. कोणाकडूनही पोकळ प्रिंट घेताना विचाराच, भोकं कुठे आहेत आणि आतून धुऊन यूव्ही दिला का.

वेळेचं म्हणाल, तर गणपतीच्या आधी दिलेली ऑर्डर दसऱ्यानंतर मिळाली. भाद्रपदात त्यांच्या मशीन आराशीच्या कामाला जुंपलेल्या असतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मला घाई नव्हती. उलट सोयीचंच झालं, कारण पुण्याच्या पावसाळी हवेत स्प्रेचा प्रायमर पांढरट, भुरकट बसतो. दिवाळीच्या कोरड्या हवेत तो एका पातळ हातात सपाट बसला.

घासायला पॉलिश पेपर बोहरी आळीतून आणला, चारशे आणि आठशे नंबरचा, पाण्यात भिजवून वापरायचा. रेझिन कोरडं घासू नका, धूळ फुप्फुसात जाते. सपोर्टचे हट्टी ठिपके मी मायक्रोमोटरवर, म्हणजे दातांच्या कामाच्या छोट्या ड्रिलवर, कार्बाइड बर (घासायचं टोक) लावून काढले. घरी हे नसेल तर सुईच्या टोकाची कानस पुरते. मानेच्या आणि शेपटीच्या जोडात एम-सील भरलं, ओल्या बोटाने सारखं केलं.

रंगाच्या बाबतीत रेझिनचा एक मोठा फायदा. बाजारातल्या मऊ पीव्हीसीच्या मूर्तींवर काही स्प्रे प्रायमर महिनोन्महिने चिकट राहतात, कारण पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ वर येत राहतो. रेझिनवर तसं होत नाही. पाया म्हणून मी ट्यूबमधला ॲक्रिलिक बर्न्ट अंबर आणि पेन्स ग्रे पाण्यात पातळ करून तीन हात दिले. बारीक कामाला, म्हणजे डोळा, नाकपुडी, मागच्या पायांची नखं यांना, व्हॅलेजोच्या बाटलीतला रंग. त्याचं रंगद्रव्य इतकं बारीक असतं की दोन शून्याच्या ब्रशनेही सरळ रेघ येते. महाग आहे, पण एक बाटली वर्षानुवर्षं पुरते.

सॉरोपॉडचा रंग कोणालाही ठाऊक नाही. ज्या डायनासोरांचे रंग रंगकणांच्या जीवाश्मांवरून कळले, ते बहुतेक पिसांचे आणि लहान, जसा २०१० मधला तांबूस पट्ट्यांच्या शेपटीचा सिनोसॉरोप्टेरिक्स. २०१७ मधला बोरियालोपेल्टा मात्र टनभर वजनाचा, चिलखती, आणि त्याचीही पाठ गडद व पोट फिकं निघालं. मी तोच धागा धरला. पाठ गडद, पोट मातकट, पट्टे-ठिपके काही नाहीत. नमुन्यासाठी ओंकारेश्वराजवळ मुठेत डुंबून वर आलेल्या म्हशी बघितल्या. चिखल वाळला की सुरकुतीच्या तळाशी काळा राहतो आणि उंचवट्यावर राखाडी होतो. तोच क्रम ब्रशने गिरवला: आधी बर्न्ट अंबरचा पातळ वॉश खाचांत उतरू दिला, तो पूर्ण सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका राखाडी फक्त उंचवट्यांवरून ओढला. खांद्यामागच्या तीन सुरकुत्यांवर एक अख्खी संध्याकाळ घालवली. आता उजेड बाजूने पडला की तिथे कातडं सैल लोंबल्यासारखं दिसतं. कातडीच्या या कामात आजवर माझ्या हातून इतकं चांगलं काही झालेलं नाही.

तळाच्या पाटावर मी गवत लावलं, आणि त्यावर छंदातल्या मित्रांनी लगेच हरकत घेतली, कारण डायनासोरांबरोबर गवत दाखवू नये असा जुना नियम आहे. पण याच प्राण्याच्या मुलखात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात, शेणाचे जीवाश्म सापडले आहेत. ते टायटॅनोसॉरांचे मानले जातात. २००५ मध्ये संशोधकांनी त्यांत गवताचे सिलिकाकण दाखवले, ताड आणि सूचिपर्णी वनस्पतींच्या अंशांबरोबर. तेव्हा जगातल्या इतर कुठल्या सॉरोपॉडच्या पायाशी नसेल, पण याच्या पायाशी गवताचे चार झुबके हक्काने शोभतात. दाट कुरण मात्र करायचं नाही, कारण त्याच्या खाण्यात गवताचा वाटा थोडाच होता. झुबक्यांसाठी काथ्या कातरून, ऑकर आणि हिरव्यात बुडवून वापरला. पाटावर दोन खडे बेसॉल्टचे ठेवले आहेत. दख्खनचा लाव्हा याच प्राण्यांच्या अखेरच्या काळात वाहू लागला आणि ज्या लॅमेटा खडकांत ही हाडं आहेत, ते त्या लाव्ह्याखाली गाडले गेले. पुण्याच्या टेकड्या त्याच लाव्ह्याच्या.

एकूण खर्च साडेसहा हजार. त्यातला मोठा भाग आकार घडवण्याचा. तीच फाइल आता त्यांच्याकडे आहे, त्यामुळे पुढच्या प्रतीला चोवीसशे सांगितले आहेत. बाहेरून मागवलेली मोठी मूर्ती कस्टम आणि कुरिअर धरून याहून स्वस्त पडेलच असं नाही, आणि तिच्यात दंडाचं हाड तुमच्या मापाने कोणी बसवून देणार नाही. मला हे पैसे पूर्ण वसूल वाटतात. ज्यांना रंगवायचं नाही, नुसती शेल्फवर ठेवायची आहे, त्यांनी हे करू नये. रेझिन ठिसूळ असतं आणि राखाडी कच्ची मूर्ती तशीच ठेवली तर उन्हात पिवळी पडते. लहान मुलांच्या हातात तर नकोच.

दुसरी प्रत मी वरोऱ्याला बाबांसाठी सांगितली आहे. या वेळी शेपटी दोन तुकड्यांत, मध्ये पितळी तार घालून मागितली, कारण एसटीच्या प्रवासात पहिली तीच मोडेल. भिंतीची जाडी तीन मिलिमीटर, चारही पायांना तळातून भोकं, आणि डोक्याला तेच चुंबक.