ऑनलाइन गटाची पहिली भेट: पुण्यात डेक्कनचं कॅफे गुडलक

१९३५ सालचं हे इराणी हॉटेल ज्या चौकात आहे, त्या चौकालाच त्याचं नाव पडलंय, त्यामुळे चिंचवडहून येणाराही चुकत नाही. बन मस्का आणि चहावर ओळख होते, खर्चही कुणाला जड जात नाही. पाच-सहा जणांपर्यंत उत्तम. त्याहून जास्त झाले की गट दोन टेबलांवर फुटतो आणि लाजरी माणसं गप्पच राहतात. मग सरळ संभाजी उद्यान गाठावं. रविवारी सकाळी दारात गर्दी असते, तेव्हा तासभर गप्पा मारत बसणं बरं नव्हे. मधल्या वारी दुपारी तीनला जा. बाहेर थांबणाऱ्याने शर्टाचा रंग ग्रुपवर आधीच कळवावा. ओळख करून देताना आधी ग्रुपवरचं नाव, मग खरं. बिल एकाने भरावं, बाकीच्यांनी तिथेच यूपीआय करावं.