जिनिंगवाला ‘ट्रेनी म्हणून ये’ म्हणाला, तर कोणता ट्रेनी?

हिंगणघाट, वणीकडं कापसाचा हंगाम लागला की जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, आयटीआय झालेल्या पोरांना बोलावणं येतं. अप्रेंटिस, कार्य प्रशिक्षण आणि आरपीएल (आधीच येणाऱ्या कामाला मान्यता) ही तिन्ही नावं एका दमात ऐकू येतात, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा आहे.

अप्रेंटिसशिपला 1961 चा कायदा आहे. करार सरकारी पोर्टलवर नोंदला जातो. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन ठरलं ते असं: दहावी पासला महिना 6,000, आयटीआयवाल्याला 7,000, पदवीधराला 9,000. मशीनवर हात सापडला तर भरपाईचा कायदा लागू. मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मात्र मालकावर नाही, करारात तशी अट असेल तरच. आयटीआयच्या ट्रेडमध्ये शेवटी परीक्षा पास केली की एनएसी (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र) मिळतं, आणि खरी किंमत याच कागदाला. रेल्वेच्या लेव्हल-1, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना राखीव असतात. म्हणून नागपूरच्या मोतीबाग वर्कशॉपात नंबर लागत असेल, तर घराजवळच्या जिनिंगचा मोह सोडा.

30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. गावाकडची जिनिंग चालते चार-सहा महिने, तिथं वर्षाचा करार बसवणं अवघडच. मालक कां-कूं करतो ते काही उगाच नाही.

कार्य प्रशिक्षण म्हणजे राज्याची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये, तेही सरकारकडून थेट खात्यात. मुदत आधी सहा महिने होती, पुढं अकरा झाली. पैसा अप्रेंटिसपेक्षा बरा. पण शेवटी हाती येतं ते अनुभवाचं प्रमाणपत्र, एनएसी नव्हे. ग्रामपंचायतीत किंवा तहसीलमध्ये बसून नुसत्या एंट्र्या करायच्या असतील, तर फिटरच्या पोराचा हात तिथं गंजतो.

आरपीएल पोरांसाठी नाहीच. ते गिन मशीनवरच्या जुन्या माणसासाठी. रुई कमी पडायला लागली की मशीन बंद करून तो रोलरच्या खाचेवरून बोट फिरवतो आणि सांगतो, ‘खाचा घासल्या, पुन्हा मारा.’ शाळा सातवी, कागद एकही नाही. त्याला नवीन काही शिकवायचं नसतं. जे येतं त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं, एवढंच आरपीएल. पगार त्यानं लगेच वाढेल या भरवशावर राहू नका. पण दुसऱ्या जिनिंगच्या गेटवर ‘काय येतं तुला?’ विचारलं, तर दाखवायला काहीतरी असतं.

अपस्किलिंग (आहे त्याच कामात पुढचं शिकणं), रीस्किलिंग (वेगळं काम शिकणं) हे शब्द भरतीच्या जाहिरातीत दिसले तर त्यावर अडू नका. आधी विचारा, पोर्टलवर करार होणार का, आणि झाला तर त्याचा नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्या.