स्वस्तातला ओबीडी स्कॅनर आणि मल्टिमीटर: दहा महिने घरी वापरल्यावर

गेल्या एप्रिलमध्ये गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर झालेली. आम्ही राहतो वाईला, नोकरीसाठी रोज साताऱ्याला जाणं-येणं. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावून 'मिक्श्चर लीन दाखवतंय, ऑक्सिजन सेन्सर गेलाय' असं सांगितलं आणि सेन्सर बदलला. मजुरीसकट पाच हजार दोनशे रुपये. चौथ्या दिवशी पाचवडजवळ दिवा पुन्हा लागला. परत गेलो तर म्हणाले, आता मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणारा भाग) उघडावं लागेल. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण आपल्याच गाडीत काय चाललंय हे आपल्याला कळू नये, याचं जास्त वाटलं.

जूनमध्ये दोन वस्तू घेतल्या. ब्लूटूथचा, ईएलएम३२७ चिपच्या पद्धतीचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा) तेराशे रुपयांना आणि १० अँपिअरपर्यंत करंट मोजणारा मल्टिमीटर साडेनऊशेला. त्याआधी साडेतीनशेचा एक स्कॅनर घेऊन फसलो होतो. त्याच्यावर 'व्हर्जन १.५' छापलं होतं. मूळ चिप बनवणाऱ्या कंपनीने १.५ हे व्हर्जन कधी काढलंच नव्हतं, हे नंतर समजलं. तो दोन-दोन मिनिटांनी तुटायचा आणि निम्मे आकडे दाखवायचाच नाही. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जोडलाच जाणार नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्या. मी अँड्रॉइडवर 'कार स्कॅनर' हे ॲप वापरतो, फुकटात जेवढं मिळतं तेवढं मला पुरलं.

आपल्याकडे १ एप्रिल २०१३ पासून बीएस-४ या प्रदूषण नियमातल्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची पद्धत) सक्तीचं झालं. त्यानंतरची बीएस-४ किंवा पुढची गाडी असेल तर स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट सापडतंच. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट तसंच दिसतं, पण आतली भाषा वेगळी असते आणि स्कॅनर नुसता फिरत राहतो. जुन्या गाडीसाठी घेताना आधी कोणाचा तरी लावून बघा.

आता त्या लीनच्या भानगडीकडे येतो. कोड होता पी०१७१. याचा सरळ अर्थ एवढाच की इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) खराब आहे, असं तो कोड म्हणत नाही. उलट सेन्सर आपलं काम करतोय म्हणून तर हे कळलं! सेन्सर सांगतो त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, आणि किती टक्के वाढवलं ते ॲपमध्ये 'फ्युएल ट्रिम' या नावाने दिसतं. उणे-अधिक दहाच्या आत असेल तर काळजी नसते. माझ्या गाडीत आयडलिंगला (रेस न करता इंजिन नुसतं चालू असताना) ट्रिम अधिक २२ होता आणि अडीच हजार आरपीएमला तो ६ वर यायचा. इथेच अर्धं उत्तर मिळालं. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर रेस केल्यावर आकडा वाढला असता. आयडलिंगला जास्त आणि रेसला कमी, म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. थोडीशी चोरटी हवा आयडलिंगला मोठी ठरते, आणि थ्रॉटल उघडला की एकूण हवेत तिचा वाटा नगण्य होतो.

एक गोष्ट इथेच सांगतो. हे गणित हवा मोजणारा मॅफ सेन्सर असलेल्या गाडीचं आहे. ज्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब बघणारा मॅप सेन्सर असतो, त्यांत असा लीक झाला तर बहुधा आयडलिंगच वाढतं, ट्रिम फारसा हलत नाही. आपल्या गाडीत कोणता आहे ते आधी पाहून घ्या.

लीक शोधायला मी झाडांना पाणी घालायच्या पाइपचा दीड फुटाचा तुकडा घेतला, एक टोक कानाला आणि दुसरं एकेका होजजवळ. (गरम इंजिनवर कार्बोरेटर क्लीनर फवारून लीक शोधताना बरेच लोक दिसतात. तो भडकतो. घराच्या पोर्चमध्ये हे करू नका.) इंजिनच्या मागच्या अंगाला, पीसीव्ही व्हॉल्व्हकडून (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणारी झडप) मॅनिफोल्डला जाणाऱ्या होजच्या वळणाजवळ बारीक 'स्स्स' ऐकू आलं. वरून होज धडधाकट दिसत होती. फोन बॅटरीवर टेकवून ठेवला आणि पकडीला कापड गुंडाळून होज अलगद चिमटली. स्क्रीनवर २२ चे १५ झाले, मग ९, मग ५. होज काढून उलटी करून वाकवली तर आतल्या बाजूला, क्लिपच्या अगदी लगत, नखाएवढी चीर. नवी होज १८० रुपयांना मिळाली. जूनपासून आजतागायत तो कोड पुन्हा आलेला नाही.

पाच हजारांचा सेन्सर आणि एकशेऐंशीची होज. कोड पार्टचं नाव सांगत नाही, शोधायची जागा सांगतो, हे मला तेव्हा जे कळलं त्यावरच पुढचे सगळे महिने निघाले.

सप्टेंबरमध्ये चूक माझी झाली. गणपतीला एसटीने सासरवाडीला गेलो, अकरा दिवसांनी परत आलो आणि सेल्फ मारला तर नुसती टक्-टक्. बॅटरीवर मीटर लावला, ११.९ व्होल्ट. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी साधारण १२.६ दाखवते तेव्हा ती भरलेली असते, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून चालू केली, तेव्हा बॅटरीवर १४.२ आले. म्हणजे डायनामो व्यवस्थित चार्ज करत होता. मग बंद गाडीत करंट कोण खातंय?

दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज करून निगेटिव्हची वायर काढली आणि मीटर मधे जोडला, तांबडी पिन १० अँपिअरच्या भोकात. यात दोन गोष्टी पाळायच्या. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तिथेच जातो. आणि दार बंद केल्यावर अर्धा तास थांबायचं, कारण सगळे कॉम्प्युटर झोपेपर्यंत आकडा उगाच मोठा दिसतो. अर्ध्या तासाने ०.०७ अँपिअर दिसले. ०.०५ च्या आत असायला हवे होते. फ्यूज एकेक काढायला खाली वाकलो आणि सॉकेटमधल्या स्कॅनरचा निळा दिवा लुकलुकताना दिसला. तो उपसल्याबरोबर ०.०२. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट चावी नसतानाही चालू असतो. ०.०५ अँपिअर, चोवीस तास, अकरा दिवस, म्हणजे १३ अँपिअर-अवर. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आणि चार वर्षांची. तिने मान टाकली यात नवल नाही. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. जाहिरातीत 'कायम लावून ठेवा' असं लिहिलेलं असतं, ते ऐकू नका.

डिसेंबरचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे गाडी मिसिंग मारायला लागली, पिकअप मिळेना, दिवा लुकलुकायला लागला. दिवा स्थिर असेल तर घरापर्यंत येता येतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतोय असं समजायचं आणि एक्सिलरेटरवरचा पाय कमी करायचा. कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग.

याची रीत सोपी आहे आणि फुकट आहे. दोनची कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तीनवर लावायची, तीनची दोनवर. कोड पुसायचा (पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, कोड आला त्या क्षणीचं आरपीएम, तापमान वगैरे सगळं पुसलं जातं). गाडी फिरवून आणायची. कोड ०३०३ झाला तर कॉईल खराब. माझा कोड दोनवरच राहिला. मग प्लगची अदलाबदल केली, तरी दोनच. प्लग बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा; ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे गेले तर होणारा खर्च या सगळ्या बचतीपेक्षा मोठा असतो.

कॉईलच्या कनेक्टरपर्यंतची वायर तपासली. कंटिन्युइटीला (वायर अखंड आहे का ते बघायला) मीटर 'बीप' करत होता. व्होल्टेज १२.४, अगदी बरोबर. इथे मी दोन संध्याकाळी अडकलो. मग इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत गेलो, आणि एका ठिकाणी इंजिनने झटका दिला. काळी टेप सोडली. आत वायरच्या आवरणावर उंदराच्या दातांच्या बारीक खाचा होत्या आणि तांब्याच्या तारांपैकी दोन-तीनच शिल्लक, त्याही कळंकून हिरव्या झालेल्या. पावसाळ्यात कधी तरी उंदराने कुरतडली असणार आणि पुढचे महिने ओलीने खाल्ली. मीटरला बीप द्यायला एक तारही पुरते, कॉईलला पुरत नाही. नंतर खात्रीसाठी त्या वायरवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून मोजलं, तर १२.४ चे ८ व्होल्ट झाले. तेव्हापासून वायरिंग तपासताना मी लोड लावल्याशिवाय मोजत नाही. खराब तुकडा कापला, नवी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक स्लीव्ह. खर्च पन्नास रुपये.

मार्चमधला किस्सा छोटा आहे. पसरणी घाटात एसी लावून चढताना फोनवर कूलंटचं तापमान १०३, १०५, १०७ असं वाढत गेलं. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मधोमध. बऱ्याच गाड्यांत तो काटा मोठ्या पट्ट्यात मुद्दाम एकाच जागी धरून ठेवलेला असतो, त्याच्यावर विसंबू नये. गाडी बाजूला घेतली, एसी बंद केला, बोनेट उघडलं. फॅन थांबलेला. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका; आत दाबाखाली उकळतं कूलंट असतं. गाडी थंड झाल्यावर फ्यूजबॉक्समधला त्याच नंबरचा हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) फॅनच्या जागी बसवला, फॅन गरगर फिरायला लागला. पाचगणीपर्यंत हॉर्नशिवाय जपून गेलो. रिले दीडशे रुपये.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं. हा स्कॅनर एबीएस आणि एअरबॅगचे कोड वाचत नाही, निदान माझ्या गाडीत तरी नाही, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना घरी हात लावायचाच नाही. जानेवारीत पुढच्या डाव्या चाकाकडून खड्ड्यात 'टक' असा आवाज यायला लागला. स्कॅनरला यातलं काही कळत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्रीकाका आहेत, त्यांच्याकडे फोन पुढे करत गेलो, तर म्हणाले, "ते राहू द्या साहेब, आधी आवाज ऐकवा." गाडी घोडीवर (आधाराच्या स्टँडवर) घेतली, सस्पेन्शनचा लिंक रॉड हाताने हलवला, दहा सेकंदांत निकाल. घरी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, घोडी नसेल तर ते काम मिस्त्रींचंच. आता मी त्यांच्याकडे जाताना आकडे लिहून नेतो आणि ते मला चुकलेलं दाखवतात. मागच्या महिन्यात त्यांनीच त्यांच्याकडे आलेल्या एका गाडीचा ट्रिम बघायला मला बोलावलं, तेव्हा फार बरं वाटलं.

घ्यावा का? गाडी वॉरंटीत असेल तर गरज नाही. सात-आठ वर्षं जुनी गाडी असेल आणि संध्याकाळचा तासभर द्यायची तयारी असेल, तर जरूर घ्या, पण मल्टिमीटरसकट. नुसत्या स्कॅनरने माणूस कोड गूगल करून पार्ट मागवायला लागतो, म्हणजे त्या पहिल्या गॅरेजने जे केलं तेच आपण घरी करतो.

सध्या माझ्याकडे एक गोष्ट उघडी आहे. मागच्या आठवड्यात पी०४२० पेंडिंगमध्ये (अजून पक्का न झालेल्या कोडांत) आला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय असं सांगणारा. ग्राफवर कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर पुढच्यासारखाच वरखाली होतोय, तो खरं म्हणजे बराचसा स्थिर असायला हवा. कन्व्हर्टरला पैसा किती लागेल ते मला माहीत आहे, म्हणून आधी या रविवारी थंड इंजिनला सेल्फ मारून एक्झॉस्टच्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवणार आहे. गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरी ग्राफ असाच दिसतो.