लग्नाच्या घागऱ्याचं स्केच: रंगीत घ्यावं की नुसत्या रेघांचं?

स्केच नागपूरच्या डिझायनरकडून, शिलाई मात्र तालुक्याच्या टेलरकडे, असा बेत आमच्या भंडाऱ्याकडच्या गावांत आता होऊ लागलाय. डिझायनर विचारते, रंगीत फॅशन स्केच देऊ की फ्लॅट, म्हणजे नुसत्या रेघांचं? घरातलं प्रत्येक बोट रंगीत चित्राकडेच जातं.

देखणं ते असतंच. रंग कसे जुळतील, ओढणी कुठून येईल, आजीलाही एका नजरेत कळतं. पण त्यातली बाई खरी नसते. माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी. फॅशन स्केचमधली 9 डोक्यांची, आणि वाढीव उंची बहुतेक पायांत. पाच फुटी नवरीच्या घागऱ्यावर बुट्ट्यांच्या किती ओळी बसतील, ते त्यावरून समजत नाही.

फ्लॅट म्हणजे पुढून-मागून पसरलेला कपडा, बाकी काही नाही. आमचे मामा म्हणाले, "हे तं पोत्याचं चित्र दिसते बाप्पा!" पण टक्स कुठे, चेन बाजूला की मागे, कळ्या 12 की 16, सगळं त्यातच.

खरी गोम काठाची. करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ विणलेल्या टसर साडीचा घागरा करायचा म्हटलं, की रंगीत चित्रात काठ घेरासोबत मस्त गोल फिरतो. विणलेला काठ सरळ असतो, तो असा वळत नाही. शिवाय कंबर 30 इंच, लांबी 40 इंच धरली तर अंब्रेला कटची, म्हणजे पूर्ण गोल कापलेल्या घेराची, त्रिज्या 45 इंचांच्या आसपास जाते. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण तेवढाच. शिलाईची माया धरली की जोड आलाच. चुण्यांचा घागरा केला तर काठ अखंड राहतो, पण कमरेशी कपडा जाड होतो. रंगीत चित्र हे सगळं झाकून नेतं; फ्लॅट काढताना डिझायनरला ते ठरवावंच लागतं.

माझ्या मावसबहिणीकडे फक्त रंगीत स्केच होतं. टेलरने अंदाजाने अंब्रेला कापला, आणि हळदीच्या आदल्या रात्री आम्ही सगळ्या काठ उसवत बसलो.

म्हणून, डिझायनरच शिवून देणार आणि ट्रायलला नागपूरला जाणं जमणार असेल, तर खुशाल रंगीत घ्या. गावाकडे शिवणार असाल तर फ्लॅटच, तोही मापं आकड्यांत लिहून. लग्न मे महिन्यात असेल तर त्याच कागदावर "अस्तर सुती" हेही लिहून घ्या.